वेळ मोजणारे ॲप: घरून स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याच्या नजरेतून एक परीक्षण

मी घरातून भाषांतराची आणि संपादनाची कामे करते. मला नोकरी नाही, वरिष्ठ नाहीत, हजेरीपत्रक नाही. काम मिळवायचे, ते पूर्ण करायचे, बिल पाठवायचे आणि त्या बिलाचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत पाठपुरावा करायचा, हे सगळे एकटीनेच सांभाळावे लागते. या व्यवसायात नऊ वर्षे काढल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा, मी वेळेची नोंद ठेवणारे एक ॲप वापरायला घेतले आणि गेली तीन वर्षे ते माझ्या संगणकावर व फोनवर आहे. त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण अशा ॲपांविषयी जे वाचायला मिळते त्यात बहुधा कामाचा उरक किती वाढतो एवढीच चर्चा असते, आणि माझ्या अनुभवात उरक वाढणे हा त्याचा सर्वांत किरकोळ उपयोग ठरला. ॲपचे नाव मी देत नाही. या जातीची अनेक ॲप उपलब्ध आहेत, सगळ्यांचा गाभा एकच आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते त्या गाभ्याविषयी आहे.

वापरण्याची पद्धत अगदी साधी आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल बटण असते. कामाला बसताना ते दाबायचे, ग्राहकाचे आणि कामाचे नाव निवडायचे, आणि उठताना तेच बटण पुन्हा दाबायचे. आठवड्याच्या शेवटी कोणत्या ग्राहकासाठी किती तास खर्ची पडले हे रंगीत पट्ट्यांच्या रूपाने समोर येते. प्रत्येक नोंदीवर ‘मोबदला मिळणारा वेळ’ किंवा ‘मोबदला न मिळणारा वेळ’ अशी खूण करता येते, आणि माझ्या मते या एका सोयीसाठी तरी हे ॲप घ्यावे. बाकीच्या सोयी असल्या तर चांगले, नसल्या तरी चालेल.

अशा घड्याळांचा उगम कारखान्यात आहे. न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न गावचे जवाहिरे विलर्ड बंडी यांनी १८८८ साली कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ नोंदवणारे घड्याळ तयार केले. पुढे विसाव्या शतकात बॉस्टनच्या हेल अँड डॉर या वकिली संस्थेतील रेजिनाल्ड हीबर स्मिथ यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने, प्रत्येक अशिलाच्या कामाला किती वेळ लागला याची रोजनिशी ठेवण्याची पद्धत रुजली, आणि तासाचे सहा-सहा मिनिटांचे दहा भाग करून बिल लावण्याची रीत त्या व्यवसायात आजही आढळते. कारखान्यात मालक कामगाराचा वेळ मोजत होता. वकिलीत व्यावसायिक आपला वेळ अशिलाला दाखवण्यासाठी मोजू लागला. घरून स्वतंत्र काम करणाऱ्याच्या बाबतीत मात्र मोजणारा आणि ज्याचा वेळ मोजला जातो तो, ही एकच व्यक्ती असते. या ॲपचे गुण आणि त्याचा धोका ही दोन्ही याच एका गोष्टीतून निघतात.

आधी गुणांविषयी. पहिल्या तीन महिन्यांत मी ठरवून सगळेच नोंदवले: आलेल्या ईमेलला दिलेले उत्तर, फोनवरचे बोलणे, दराची विचारणा आल्यावर तयार केलेले अंदाजपत्रक, काम मिळण्याआधी विनामूल्य करून दिलेले नमुन्याचे पान, बिल, थकलेल्या बिलाची आठवण, फाइलमधली बिघडलेली मांडणी सरळ करणे, आणि एखाद्या विषयाची परिभाषा समजून घेण्यासाठी केलेले वाचन. तीन महिन्यांच्या शेवटी एकूण नोंद ५१२ तासांची झाली. त्यांपैकी ज्या कामाचे पैसे मिळणार होते ते तास होते ३०१. उरलेल्या २११ तासांमध्ये पत्रव्यवहार आणि फोन यांना ७४ तास, वाचनाला ३९, अंदाजपत्रके आणि नमुने यांना ३८, बिले, कराचे कागद व थकबाकीचा तगादा यांना ३१, आणि संगणक व फाइलींच्या डागडुजीला २९ तास लागले होते.

तो अहवाल मी बराच वेळ समोर ठेवून बसले होते. नऊ वर्षे माझी अशी समजूत होती की ही किरकोळ कामे ‘मधल्या वेळात’ उरकली जातात. मधला वेळ नावाची गोष्टच नव्हती. ज्या कामांना मी कामात धरत नव्हते, ती माझ्या दर पाच तासांतले दोन तास घेत होती. नोकरीत याच कामांसाठी वेगळी माणसे असतात, त्यांना वेगळा पगार असतो आणि त्यांच्या कामाला नाव असते. स्वतंत्र व्यावसायिकाच्या घरात ती निनावी राहतात, आणि ज्याला नाव नाही त्याचा दर लावणे कोणाला सुचत नाही.

या आकड्यांतून माझा दर बदलला. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाइतका सोपा आहे. ५१२ तास काम केल्यावर ३०१ तासांचे पैसे मिळत असतील, तर मोबदल्याच्या प्रत्येक तासाने सुमारे १.७ तासांचा भार उचलायला हवा. म्हणजे आपल्या श्रमाची जी किंमत आपण मनात धरली असेल तिला १.७ ने गुणल्यावर जो आकडा येतो, तो ग्राहकाला सांगायचा दर. याखेरीज आजारपण, सुटी आणि काम न मिळालेले आठवडे धरले, तर वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी हाती फार तर ४५–४६ उरतात आणि तोही भाग दरात मिळवावा लागतो. मी शब्दामागे दर घेते, तासाचा घेत नाही. त्यामुळे एका तासात माझे सरासरी किती शब्द होतात हे मला आधी ॲपवरूनच काढावे लागले. हे सारे केल्यावर असे दिसले की दोन जुन्या ग्राहकांची कामे मी वर्षानुवर्षे पदरमोड करून करत होते. त्यांतल्या एकाने नवा दर मान्य केला, दुसऱ्याने केला नाही. दुसऱ्याचे काम सोडताना मला वाईट वाटले, पण पूर्वीसारखी धास्ती वाटली नाही, कारण ते काम सोडल्याने नेमके काय जाणार आहे हे या वेळी मला माहीत होते.

आणखी एक गोष्ट त्या अहवालाने दाखवली आणि ती मला अगदी अनपेक्षित होती. मला रोज बारा-तेरा तास काम करत असल्यासारखे वाटे. ५१२ तासांना तेरा आठवड्यांनी भागले तर आठवड्याला साडेएकोणचाळीसच्याही आतले तास निघतात, म्हणजे आठवड्याचे सहा दिवस धरले तर दिवसाला साधारण साडेसहा. काम जास्त नव्हते. ते सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत पसरलेले होते. वीस मिनिटे काम, मग दारावरची घंटा, मग चाळीस मिनिटे काम, मग घरातले एखादे निकडीचे काम, मग पुन्हा बैठक. घरून काम करणाऱ्याचा थकवा किती तरी वेळा या पसरण्याचा असतो, आणि तो मोजल्याशिवाय उमगत नाही. त्यानंतर मी काम दोन मोठ्या बैठकांत बसवण्याचा प्रयत्न केला आणि तो बराचसा साधला.

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज हा आपल्या सर्वांचाच कच्चा दुवा असतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल हे विचारले होते. अंदाजांची सरासरी ३३.९ दिवस होती, प्रत्यक्षात लागलेल्या वेळेची ५५.५ दिवस. माझे अंदाज इतके चुकत नसले तरी चुकतात, आणि ॲपमुळे ते कोणत्या दिशेने चुकतात हे कळले. सरळ मजकुराच्या भाषांतराचा माझा अंदाज जवळपास बरोबर येतो. संपादनाचा मात्र हमखास कमी पडतो, कारण मूळ लेखकाशी होणारी चर्चा आणि दुरुस्त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्या मी कधी धरतच नव्हते. आता संपादनाची मुदत सांगताना मी जुन्या तीन कामांच्या नोंदी उघडून पाहते आणि मगच तारीख देते. अंदाजपत्रकात दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या समाविष्ट आहेत आणि तिसरीचा आकार वेगळा, असे वाक्यही आता असते.

आता दोषांकडे येते, आणि त्यांतला सर्वांत मोठा दोष म्हणून जी सोय सांगायची आहे तिची जाहिरातीत मोठी वाखाणणी होते. बराच वेळ माऊस हलला नाही किंवा कळफलकावर बोट पडले नाही, तर ॲप एक चौकट दाखवते: ‘आपण अकरा मिनिटे निष्क्रिय होता. हा वेळ ठेवायचा की काढून टाकायचा?’ एका दुपारी मी एका करारातल्या वाक्यावर अडले होते. मूळ शब्दाला दोन अर्थ होते, आणि कोणता घेतला यावर पुढच्या साऱ्या कलमाचा अर्थ फिरणार होता. मी हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर पाहत होते, मनात तीन पर्याय लावून पाहत होते, एक जवळपास पक्का होत आला होता. तेवढ्यात ती चौकट आली. मी ‘निष्क्रिय’ होते, असे माझ्याच यंत्राने मला सांगितले, आणि क्षणभर मला ते खरेही वाटले. मी ती अकरा मिनिटे काढून टाकली. दुसऱ्या दिवशी त्या नोंदीकडे पाहताना लक्षात आले की आदल्या दिवशीच्या कामातली सर्वांत मोलाची मिनिटे मी पुसून टाकली होती. बाकीचे तास मी टंकन केले होते. भाषांतर त्या अकरा मिनिटांत झाले होते.

ज्यांचे काम विचाराचे आहे त्यांनी, मग ते चित्र काढत असोत, संगणकाची आज्ञावली लिहीत असोत की हिशेब तपासत असोत, ही सोय पहिल्याच दिवशी बंद करावी. ती बंद करण्याची जागा सेटिंगमध्ये बरीच खोल असते, पण असते. पडद्याची ठरावीक वेळाने छायाचित्रे घेण्याची सोयही काही ॲपांत मिळते. ती दूरवरच्या कामगारावर नजर ठेवण्यासाठी आहे. एखादा ग्राहक ती चालू ठेवण्याची अट घालत असेल तर त्याला स्पष्ट नकार द्यावा असे माझे मत आहे, कारण त्या छायाचित्रांत आपल्या इतर ग्राहकांचे गोपनीय कागदही येऊ शकतात, आणि ती गोपनीयता राखण्याची जबाबदारी आपली आहे.

ग्राहकाला तासांचा अहवाल पाठवावा की नाही, याविषयीही अनुभवाने माझे मत बनले आहे. पहिल्या वर्षी एका ग्राहकाने ठोक रकमेच्या कामाचा तपशील सहज म्हणून मागितला आणि मी भाबडेपणाने संपूर्ण अहवाल पाठवून दिला. परतीच्या ईमेलमध्ये ओळीओळीवर शंका होत्या: या परिच्छेदाला चाळीस मिनिटे का, हा फोन बिलात का धरला, परिभाषा शोधायला दीड तास कसा लागतो. रक्कम आधीच ठरलेली होती, तरीही त्या तपशिलाच्या आधारे ती कमी करण्याचा आग्रह झाला आणि पैसे हाती पडायला दोन महिने लागले. ठोक रकमेत किंवा शब्दाच्या दरात काम असेल तर तास ही आपली खासगी माहिती आहे. तासाच्या दराने काम असेल तेव्हा अहवाल द्यावाच लागतो, पण तो मिनिटांच्या नोंदींचा न देता कामाच्या टप्प्यांप्रमाणे एकत्र करून द्यावा. माझ्या ॲपमध्ये असा एकत्रित अहवाल निघतो. विकत घेण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

घरातल्या वापराविषयी थोडे लिहायला हवे, कारण ही वस्तू कचेरीत नाही, घरात वापरायची आहे. घरून काम करणारी व्यक्ती घरीच असते म्हणून ती मोकळीच असते, असा समज घरातल्यांचाही असतो आणि बाहेरच्यांचाही, आणि ‘मी कामात आहे’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हटले की त्याला धार उरत नाही. माझी मुलगी त्या वेळी सात वर्षांची होती. पडद्याच्या कोपऱ्यातले बटण चालू असताना लाल दिसते हे तिने स्वतःहून टिपले. काही दिवसांनी ती खोलीच्या दाराशी येऊन, आत न येता, मान वाकडी करून पडद्याकडे पाही आणि विचारी, ‘घड्याळ चालू आहे का?’ चालू असेल तर ती किती वेळाने बंद होईल ते विचारून परत जाई. मग ठरलेल्या वेळी मला घड्याळ बंद करावेच लागे, कारण ती मोजत असे. माझ्या शब्दांनी जी सीमा नऊ वर्षांत आखली गेली नव्हती ती त्या लाल ठिपक्याने आखली, आणि ती दोन्ही बाजूंनी पाळली जाऊ लागली. ॲप बनवणाऱ्यांनी याचा विचार केला असेल असे वाटत नाही. पण माझ्या दृष्टीने हा त्याचा फार मोठा गुण आहे.

तांत्रिक बाबी लवकर सांगून टाकते. संगणक आणि फोन यांच्यातल्या नोंदी एकमेकांशी जुळायला कधी कधी काही मिनिटे लागतात. इंटरनेट नसताना केलेली नोंद नंतर चढते, पण दोनदा ती दुहेरी चढली आणि मला हाताने काढावी लागली. बटण बंद करायला विसरले की चौदा तासांची नोंद होते. ती दुरुस्त करणे सोपे आहे, पण महिनाअखेरीस लक्षात आली तर त्या दिवशी खरे किती तास काम झाले हे आठवत नाही. सर्वांत महत्त्वाची तपासणी अशी की सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवून घेता येतात का. याआधी मी वापरून पाहिलेले एक छोटे ॲप अचानक बंद झाले आणि त्यातल्या पाच महिन्यांच्या नोंदी गेल्या. आता दर महिन्याच्या शेवटी मी फाइल उतरवून माझ्या संगणकावर ठेवते.

वही चालणार नाही का, असा प्रश्न मला विचारला जातो. चालेल. मी एक महिना वहीत नोंदी ठेवून पाहिल्या आणि त्या ॲपपेक्षा प्रामाणिक होत्या, कारण लिहिताना हात थांबतो आणि नेमके काय केले हे आठवावे लागते. अडचण बेरजेची होती. महिन्याच्या शेवटी ती बेरीज करायला एक अख्खी दुपार गेली, आणि पुढच्या महिन्यात मी ती केलीच नाही. बेरीज न केलेल्या नोंदींचा उपयोग शून्य. ज्याला हिशेबाची आवड आहे त्याने वहीच वापरावी.

आता तो धोका, ज्याचा सुरुवातीला उल्लेख केला. दुसऱ्या वर्षी मी ॲप बाराही महिने चालू ठेवले. काही महिन्यांनी असे होऊ लागले की ज्या गोष्टीसाठी ॲपमध्ये नाव नाही ती गोष्ट करताना मला अस्वस्थ वाटे. संध्याकाळी पुस्तक हाती घेतले की हे ‘वाचन’ या सदरात धरायचे का, असा विचार आधी येई. एका आठवड्यात ताप आला असताना मी अंथरुणात फोनवर अहवाल उघडून रिकाम्या पट्ट्या पाहत होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये आपल्या पहिल्याच करारनाम्यात उद्योगधंद्यांतील कामासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पुढे १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा वेगळा करारनामा केला, पण त्याच्या व्याख्येतूनच स्वतंत्र व्यावसायिक म्हणता येईल इतकी स्वायत्तता आणि आर्थिक स्वातंत्र्य असलेले लोक वगळलेले आहेत. म्हणजे काम संपल्याचा भोंगा आमच्यासाठी कोणी वाजवत नाही, आणि त्या जागी आपण स्वतःच मुकादम म्हणून उभे राहतो. हाती मोजणारे घड्याळ असलेला मुकादम जास्तच कडक होतो.

यावर मी काढलेला तोडगा असा. आता ॲप वर्षातले तीन महिनेच चालू असते, साधारण कामाची सर्वाधिक गर्दी असते त्या काळात. त्यातून दराचा आणि मुदतींचा हिशेब ताजा होतो. बाकीच्या वर्षात फक्त पूर्वी कधी न केलेल्या प्रकारचे काम आले तर तेवढ्यापुरती नोंद ठेवते. लाल ठिपका मात्र वर्षभर लागतो. नोंद नको असली तरी मुलीसाठी मी तो चालू करते आणि दिवसाच्या शेवटी ती नोंद पुसून टाकते.

ज्यांनी व्यवसाय नुकताच सुरू केला आहे त्यांना मी हे ॲप लगेच घ्यायला सांगेन, कारण दर एकदा कमी लावला की तो वाढवायला वर्षे जातात. ज्यांच्याकडे एकच मोठा ग्राहक आहे आणि महिन्याची रक्कम ठरलेली आहे, त्यांना त्याचा फारसा उपयोग नाही, फक्त त्या रकमेत काम हळूहळू किती वाढत चालले आहे हे पाहायचे असेल तर एखादा महिना वापरून पाहावे. आजारपणातून उठलेल्यांनी किंवा कामाच्या ताणाने आधीच झोप उडालेल्यांनी ते काही काळ घेऊ नये असे मला मनापासून वाटते. पैसे भरून मिळणारी आवृत्ती एकट्या माणसाला बहुधा लागत नाही. मोबदल्याची खूण आणि फाइल उतरवण्याची सोय विनामूल्य आवृत्तीत आहे की नाही एवढे पाहावे. आणि ॲप उघडल्यावर पहिल्या ग्राहकाचे नाव घालण्याआधी दोन सदरे तयार करावीत: एक पैसे न मिळणाऱ्या कामांचे, आणि दुसरे ‘विचार’ या नावाचे. माझ्या या वर्षीच्या तीन महिन्यांत दुसऱ्या सदरात ४३ तास जमा झाले आहेत, आणि त्यांवर मी मोबदला मिळणाऱ्या वेळेचीच खूण केली आहे.